घोड्याचे दात आणि गाडीचा टर्बो

माळेगावच्या जत्रेत घोडा विकत घेणारा माणूस कधी नीट बघितलाय का? आपल्या नांदेड-लातूर रोडवरच, लोहा सोडलं की दर मार्गशीर्षात खंडोबाची ही जत्रा भरते. मी लातूरची. सुट्टीला घरी जाता-येताना एसटीच्या खिडकीतून ती जत्रा बघायचे आणि पुन्हा डोळे मिटून घ्यायचे. मागच्या वर्षी पहिल्यांदाच खाली उतरले. एक फेटेवाले आजोबा घोडा बघत होते. आधी त्यांनी घोड्याचं तोंड उघडून दात बघितले. मग एकेक पाय उचलून खूर बघितले. मग मालकाला विचारलं, "खातो किती? पोरं जवळ गेली तर चालतंय का?" घोडा पळवून बघितला तो सगळ्यात शेवटी.

आणि आपण? आपण भावी इंजिनिअर! आपल्या कॅन्टीनमध्ये गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच : "बीएचपी किती?" आणि दुसरा : "टर्बो आहे का? नसेल तर मग बोलूच नको." नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन, म्हणजे आपलं साधं बिनटर्बोचं इंजिन, ही जणू गरिबाची गोष्ट. हे मी दुसऱ्या कुणावर टीका म्हणून लिहीत नाहीये. कॅन्टीनमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात टर्बोची बाजू मांडणारी मीच होते. नुसती मांडून थांबले असते तर ठीक होतं. पण मी माझ्या मामाला गाडी घ्यायला लावली. त्याचीच ही गोष्ट आहे.

(एक आगाऊ सूचना : मी कॉन्व्हेंटची. माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघतील. संपादकांनी दुरुस्त केल्या असतील तर त्यांचे आभार, राहिल्या असतील तर त्या माझ्याच.)

मामाचं गाव चाकूर तालुक्यात. शेती सोयाबीनची, थोडा ऊस. दोन वर्षांपूर्वी त्याला सेकंडहँड गाडी घ्यायची होती. त्याच्या डोक्यात साधी छोटी पेट्रोल गाडी होती. मी तेव्हा सेकंड इयरला. आयसी इंजिन्स नुकतंच वाचायला घेतलेलं, त्यामुळे अंगात ज्ञान मावत नव्हतं! मी फोनवर त्याला टॉर्क समजावून सांगितला, टर्बो डिझेलच्या पुढे पेट्रोल कसं काहीच नाही ते सांगितलं. मामा शेवटी म्हणाला, "तू इंजिनिअर हायस, तू म्हणशील ते." आणि त्याने एक टर्बो डिझेल गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक गाडीची नव्हतीच.

दीड वर्षाने त्याचा फोन आला. "पोरी, गाडी शिट्टी मारायलीय आन् काळा धूर सोडायलीय. दम तर न्हाईच." लातूरच्या गॅरेजमध्ये मीही गेले. मिस्त्रींनी एअर फिल्टरकडचा पाइप काढला, टर्बोच्या पंख्याचा शाफ्ट बोटांनी हलवून दाखवला. तो चक्क डुगडुगत होता. "टर्बो गेला," ते मामाकडे बघून म्हणाले. (मेकॅनिकलची मुलगी शेजारी उभी असली तरी बोलायचं मामाशीच, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.) बिल झालं छत्तीस हजार पाचशे. त्या वेळी मामाने सोयाबीन त्रेचाळीसशेने विकलं होतं. परत येताना तो शांतपणे एवढंच म्हणाला, "तुजा टर्बो साडेआठ क्विंटल सोयाबीन खाऊन गेला गं."

तो हसत म्हणाला होता, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. साडेआठ क्विंटल म्हणजे काय, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर टर्बो म्हणजे काय, हेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामाने विचारलं, "आता नीट सांग, ह्या दोन इंजनात फरक काय?" मी सुरू केलं, व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी, बूस्ट प्रेशर... मामाचा चेहरा बघून थांबले. पहिल्यांदाच मराठीत सांगायची वेळ आली आणि लक्षात आलं, की मला फक्त शब्द पाठ आहेत. शेवटी समोर मामीची चूल होती, ती कामाला आली.

साधं इंजिन म्हणजे नुसती चूल. पिस्टन खाली जातो, पोकळी होते, बाहेरची हवा आपल्या दाबाने आत शिरते. जेवढी शिरेल तेवढीच. हवा जेवढी तेवढंच इंधन जळणार, कारण एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. जास्त पेट्रोल ओतून उपयोग नाही, नुसता धूर होईल. आणि टर्बो म्हणजे फुंकणी! हवा आत जोराने फुंकायची, म्हणजे त्याच चुलीत जास्त लाकूड जळतं. गंमत एवढीच, की ही फुंकणी माणूस फुंकत नाही. चुलीतून बाहेर जाणारा गरम धूरच एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा आत ढकलतं. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. कल्पना खरोखर सुंदर आहे, त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

"म्हंजी फुंकणीच की!" मामा म्हणाला. "मग ती जळाली कशी?"

ते सांगते, पण त्याआधी टर्बोची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. नाहीतर हात पोळला म्हणून चुलीलाच नावं ठेवल्यासारखं होईल.

पहिला मुद्दा आपल्या हवेचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो, हे हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गरम हवा विरळ असते. मी आयडियल गॅसचं समीकरण वापरून गणित केलं. नांदेडला जानेवारीतल्या पहाटे, बारा अंशाला, एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१९ किलो येतं. मेच्या दुपारी तेच सुमारे १.०७ किलो. म्हणजे दहा टक्के हवा गायब! १२०० सीसीचं साधं इंजिन त्याच दुपारी दहा टक्के कमी हवा घेतं, त्यामुळे पेट्रोलही कमी जाळतं. त्यात लातूर नांदेडपेक्षा अडीचशे-पावणेतीनशे मीटर उंच, तिथे आणखी सुमारे तीन टक्के कमी. त्यात एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान. मग अहमदपूरच्या बाजूचा चढ आला की साधी गाडी धापा टाकते. टर्बो ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. हा त्याचा खरा गुण आहे.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. पिंपरीत बनणाऱ्या टाटा अल्ट्रोझचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये ती आली तेव्हा तिचं १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ८६ पीएस ताकद आणि ११३ एनएम टॉर्क द्यायचं. २०२१ च्या जानेवारीत त्याच मापाच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो लावून आयटर्बो आली : ११० पीएस आणि १४० एनएम. त्यातही महत्त्वाचं म्हणजे तो टॉर्क १५०० आरपीएमलाच मिळायचा. साध्या इंजिनाला पूर्ण जोर यायला ३३०० आरपीएमपर्यंत जावं लागायचं. ट्रकला ओव्हरटेक करताना हा फरक पायाला कळतो.

इथे एक गोष्ट मात्र आपण विसरतो. भारतात छोटे टर्बो वाढले ते फक्त इंजिनिअरिंगमुळे नाही, टॅक्समुळेही. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरची एक्साइज ड्यूटी २४ वरून १६ टक्के झाली. छोटी गाडी कुठली? तर लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० च्या आत. ही रेघ पुढे जीएसटीमध्येही राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीला ४० टक्के असा हिशोब झाला. आता सांगा, १२०० सीसीचं कुंपण असताना जास्त ताकद हवी असेल तर कंपनीने काय करावं? फुंकणीच लावावी लागेल! म्हणजे ज्याला आपण कॅन्टीनमध्ये टेक्नॉलॉजीचा विजय म्हणतो, त्यातला थोडा वाटा चार्टर्ड अकाउंटंटचाही आहे.

आता दुसरी बाजू. फुंकणी जळते कशी?

छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पुन्हा वाचा, लाख. आपला पंखा तीनशे-साडेतीनशे घेतो. एवढ्या वेगात तो शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि त्याच्या एका टोकाला लालभडक होईल इतका गरम धूर असतो. म्हणजे टर्बोचा जीव त्या तेलात. मामा हायवेने ऐंशीच्या वेगाने यायचा, शेताच्या बांधाला गाडी लावायचा आणि लगेच चावी बंद. इंजिन थांबलं की तेलाचा पंप थांबला. गरम टर्बोमध्ये अडकलेलं तेल तिथंच जळून त्याची काजळी होते. दुसऱ्या दिवशी गाव ते चाकूर, पाच-सात किलोमीटर, इंजिन धड तापायच्या आत बंद. ऑइल बदलायचं कधी? "काळं पडल्यावर." आता डिझेल गाडीचं ऑइल दोन दिवसांत काळं पडतं, त्यामुळे रंगावरून काहीच कळत नाही, आणि मामाने ते वीस हजार किलोमीटर चालवलं. वर शेतातली धूळ खाल्लेला एअर फिल्टर. यातलं एकही मी त्याला सांगितलं नव्हतं. मी फक्त टॉर्क सांगितला होता.

आणि हे ज्ञान काही पुस्तकातच होतं असंही नाही. नांदेडला हजूर साहिबला येणारे पंजाबचे ट्रकवाले मी कितीदा बघितलेत. ट्रक थांबवतात, इंजिन चालूच ठेवतात, खाली उतरतात, आळस देतात, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतात आणि मग वर चढून बंद करतात. मला वाटायचं, काय डिझेल वाया घालवतात! ती दोन मिनिटं टर्बो थंड करायला होती. ज्याला मी आळस समजत होते तेच खरं मेंटेनन्स होतं.

विसराळूपणा फक्त आपल्या मामांचाच आहे असं नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बोवाली कार आली. इंजिन ठोकू नये म्हणून तिला पाणी आणि मिथेनॉल यांचं एक मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं. लोक भरायला विसरायचे. शेवटी बऱ्याच गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यावा लागला. म्हणजे यंत्र हुशार असून भागत नाही, ते कुणाच्या हातात जाणार याचाही विचार डिझाइनमध्ये हवा.

आणखी एक गणित. हवा दाबली की तापते. मेच्या दुपारची ४३ अंशाची हवा टर्बोने १.८ पट दाबली आणि कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७० टक्के धरली, तर बाहेर पडताना ती सव्वाशे अंशाच्या आसपास असते. म्हणून इंटरकूलर. तो तिला थंड करणार कशाने? तर पुन्हा त्याच ४३ अंशाच्या हवेने! म्हणजे टर्बो उन्हाळ्याची तूट भरून काढतो हे खरं, पण उन्हाळा त्यालाही सोडत नाही.

आणि अ‍ॅव्हरेज? लोकांचा तर हाच पहिला प्रश्न असतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये मारुतीने फ्राँक्स आणली, एकाच गाडीत दोन पर्याय. १.२ लिटर साधं आणि १ लिटर टर्बो. मॅन्युअल गिअरमध्ये कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज अनुक्रमे २१.७९ आणि २१.५. म्हणजे कागदावर बरोबरी, आणि तीही टर्बोला छोट्या बॅटरीची थोडी मदत असताना. रस्त्यावर काय? पाय हलका असेल तर टर्बो छोट्या इंजिनासारखा पितो, पाय जड असेल तर मोठ्या इंजिनासारखा. पण टर्बो हलक्या पायाने चालवायला घेतो कोण? उलट २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड गाडीचा दावा २७.९७ चा होता आणि तिच्यातलं पेट्रोल इंजिन बिनटर्बोचं आहे. तेव्हा साधं इंजिन म्हणजे जुनाट इंजिन, हे समीकरण पुसून टाका.

आपल्या शेतातच बघा ना. चाळीस-पन्नास एचपीचे बहुतेक ट्रॅक्टर अजून बिनटर्बोचेच आहेत. अडीच-पावणेतीन लिटरच्या इंजिनातून पंचेचाळीस एचपी. कॅन्टीनच्या हिशोबाने नापास! पण तोच ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याला जातो आणि बिघडला तर गावातला मिस्त्री दुपारपर्यंत चालू करून देतो. त्या इंजिनाला मोठं मन दिलंय, म्हणून ते माणसाच्या चुका पोटात घालतं.

काही जण म्हणतील, मॅडम, तुम्ही जुन्या टर्बोबद्दल बोलताय. मान्य. आता पुष्कळ टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पंप चालू राहतो, आणि पूर्वीच्या डिझेलसारखा दोन हजार आरपीएमपर्यंत झोपून राहणारा टर्बोही आता फारसा नाही. शिवाय आपल्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये आलंय. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, पण ते इंजिनाला सहज ठोकू देत नाही, आणि हा गुण टर्बोला जास्त उपयोगी. त्याच्यासाठीच बनवलेलं टर्बो इंजिन आलं तर मी पहिली टाळी वाजवेन. पण लातूर-नांदेडची बहुतेक घरं पहिली गाडी घेतात ती सेकंडहँड. शोरूममध्ये आज आलेलं आपल्या मामापर्यंत सात-आठ वर्षांनी येतं, आणि ज्या सर्व्हिस बुकावर त्या टर्बोचं आयुष्य अवलंबून असतं, ते बुक तोवर हरवलेलं असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट लिहिते. ज्या घरात एकच गाडी आहे, ती चार जण चालवतात, रोजचं अंतर थोडं आहे आणि गॅरेज लांब आहे, त्या घराने साधं पेट्रोल इंजिन घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. ज्याचं रोजचं काम हायवेवर आहे, गाडी भरलेली असते आणि जो तारीख बघून ऑइल बदलतो, त्याने खुशाल टर्बो घ्यावा, त्याला तो दुवा देईल. आणि सेकंडहँड टर्बो घ्यायचा असेल तर माळेगावच्या आजोबांसारखे आधी दात बघा : ऑइल बदलल्याच्या पावत्या बघा, इंटरकूलरच्या पाइपात तेल साचलंय का बघा, थंड इंजिन चालू करून धूर बघा. पळवून बघा सगळ्यात शेवटी.

पण हा लेख मी खरं तर गाडी घेणाऱ्यांसाठी लिहिलाच नाही, आपल्यासाठी लिहिलाय. थोड्या दिवसांनी आपल्या नावापुढे डिग्री लागेल. गावाकडून फोन येतील, "तू इंजिनिअर हायस, तू म्हणशील ते." या वाक्याची मला आता भीती वाटते. समोरचा माणूस आपल्यावर विश्वास टाकून साडेआठ क्विंटल सोयाबीन पणाला लावत असतो, आणि आपण त्याला कॅन्टीनमधला बीएचपी सांगतो. उत्तर देण्याआधी चार प्रश्न तरी विचारूया : रोज किती चालणार? कोण चालवणार? ऑइल कोण बदलणार? बिघडली तर कुठे नेणार? हे प्रश्न विचारायला मार्क मिळत नाहीत, पण इंजिनिअरिंग तिथूनच सुरू होतं असं मला आता वाटतं.

मामाने गाडी विकली नाही. दिवाळीला घरी गेले तेव्हा मी एक जाड कागद कापून त्यावर मार्करने लिहिलं आणि स्टिअरिंगच्या शेजारी चिकटवलं : "चावी फिरवायच्या आधी एक मिनिट थांब." त्याखाली ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर. मामा आता शेतात पोचला की गाडी चालूच ठेवतो, दार उघडून बसतो आणि तंबाखू मळतो. मळून झाली की चावी बंद. तंबाखूचं समर्थन नाही, पण टाइमिंग अचूक आहे!

आता तंबाखू सोडवायची आहे. पण यावेळी सल्ला देण्याआधी मी त्याला आधी विचारणार आहे.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल